डॉक्टरकीचा अर्ज आणि शाळेचे दाखले

म्हैसूरहून मळवळ्ळीच्या रस्त्याने निघाले म्हणजे सुमारे पंचवीस किलोमीटरांवर बन्नूर लागते. कावेरीच्या पाण्यावर पिकणारी भाताची व उसाची शेते, चवदार मांसाबद्दल नावाजलेली ठेंगणी बन्नूर मेंढी, जवळच सोमनाथपूर येथे उभे असलेले होयसळ केशवमंदिर, आणि द्वैतमताचे थोर आचार्य व्यासतीर्थ यांचे जन्मस्थान म्हणून असलेला लौकिक, इतक्या गोष्टींमुळे हे गाव कर्नाटकात परिचित आहे. वैद्यकीय शिक्षणाच्या दृष्टीने पाहिले तर ते मुळीच आडवळणाचे नव्हे. राज्याचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९२४ मध्ये बंगलोरला सुरू होऊन १९३० मध्ये म्हैसूरला आले. म्हैसूरलाच १९०८ पासून चालत आलेले सरकारी आयुर्वेद महाविद्यालय आहे आणि १९८४ मध्ये निघालेले जे. एस. एस. वैद्यकीय महाविद्यालयही आहे. बन्नूरच्या घरातून सकाळच्या बसने निघालेली मुलगी शाळेची पहिली घंटा होण्याच्या सुमारास या तिन्हींपैकी कोणत्याही फाटकाशी उभी राहू शकते. आत जाण्याचा प्रश्न मात्र अंतराचा नाही. तो कागदांचा आहे; आणि ते कागद मुलगी पहिलीत गेली त्या दिवसापासूनच तयार होऊ लागलेले असतात, ही गोष्ट पुष्कळ पालकांच्या ध्यानात फार उशिरा येते.

म्हैसूरच्या मुलखात मराठी बोलणारी घरे काही आजची नाहीत. भावसार क्षत्रियांची व मराठ्यांची कुटुंबे तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. त्यांच्या मुलांचे सारे शिक्षण कर्नाटकातच होत असल्याने त्यांच्यापुढे निदान राज्याचा पेच पडत नाही. पेच पडतो तो अलीकडे आलेल्यांपुढे. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या भागांतून सोनेचांदी शुद्ध करण्याचा, म्हणजे गलाईचा धंदा करणारी माणसे भारतभर पांगलेली आहेत. लहानमोठ्या पेठांच्या गावी जाऊन ती दुकान थाटतात, आणि मुलांना बहुधा काही वर्षे गावाकडे आजीआजोबांपाशी ठेवतात. धंद्यात जम बसला, घर मोठे झाले, की मुलांना बोलावून घेतात. बदलीच्या नोकरीतल्या कुटुंबांचीही तऱ्हा हीच. यात गैर काहीच नाही. मात्र मुलांना नेमके कोणत्या इयत्तेत बोलावून घेतले, यावर वैद्यकीय प्रवेशाचे भवितव्य किती अवलंबून असते, ते पाहण्यासारखे आहे.

समजा, असे एक कुटुंब बन्नूरला आहे. मुलगी हुशार आहे, जीवशास्त्रात रमणारी आहे. ती सातवीपर्यंत विट्याजवळच्या गावी शिकली आणि आठवीला आईवडिलांकडे आली. दहावी कर्नाटकात झाली, बारावीही तेथेच झाली. वडिलांची समजूत अशी, की आपण मूळचे महाराष्ट्राचे, मुलगी शिकली कर्नाटकात, तेव्हा दोन्ही राज्यांत तिचा हक्क. प्रत्यक्षात तिचा दोन्हींकडे हक्क राहत नाही.

याचे कारण नियमांत आहे. कर्नाटकाच्या सरकारी कोट्यातील जागेसाठी मुख्य अट अशी, की उमेदवाराने पहिलीपासून बारावीपर्यंतच्या काळात किमान सात शैक्षणिक वर्षे कर्नाटकातील मान्यताप्राप्त शाळांत शिक्षण घेतलेले असावे, आणि दहावी किंवा बारावी यांपैकी एक परीक्षा त्या राज्यातून उत्तीर्ण केलेली असावी. आठवी ते बारावी ही पाचच वर्षे झाली. महाराष्ट्रात राज्याच्या कोट्यासाठी अधिवासाचा दाखला लागतोच, शिवाय दहावी व बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून उत्तीर्ण व्हाव्या लागतात. तिची एकही तेथे झालेली नाही. हिशेब बोटांवर करता येण्याजोगा आहे. मुलगी सहावीच्या आरंभी बन्नूरला आली असती तर सहावी ते बारावी बरोबर सात वर्षे भरली असती. सातवीला आली असती तर सहा भरली असती आणि ती बाहेर राहिली असती. अवघ्या एका वर्षाचा फरक! तो करताना घरात चर्चा झालेली असते ती दुकानाची, आजीच्या तब्येतीची आणि भाड्याच्या घराची. वैद्यकीय प्रवेशाचे नाव त्या वेळी कोणाच्या तोंडी नसते.

कर्नाटकाच्या नियमांत आणखीही काही कलमे आहेत. उदाहरणार्थ, आईवडिलांपैकी एकाचे सात वर्षांचे शिक्षण कर्नाटकात झालेले असेल आणि मुलाने अकरावी व बारावी तेथे केली असेल, तर एक वाट उघडते. या कलमाने पुष्कळ मराठी घरांची सोय होते, कारण आई बेळगाव, निपाणी अथवा बीदरकडची असणे काही दुर्मीळ नाही. पण आईच्या शाळेचा दाखला काढून ठेवण्याचे कोणाला सुचत नाही. सैन्यातील व सरकारी नोकरीतील पालकांच्या मुलांसाठी दोन्ही राज्यांत वेगळे अपवाद आहेत. या सर्व अटी दरवर्षी निघणाऱ्या माहितीपुस्तिकेत छापलेल्या असतात आणि त्यांत फेरबदल होत असतात. म्हणून गतवर्षीच्या पुस्तिकेवर किंवा शेजाऱ्याच्या मुलाच्या अनुभवावर विसंबणे धोक्याचे होय. पालकांनी मुलगा आठवीत असतानाच त्या वर्षीची पुस्तिका एकदा शांतपणे वाचावी. तिची भाषा रुक्ष असते, हे खरे. परंतु घराच्या खरेदीखताची भाषा तरी कोठे रसाळ असते? ते आपण वाचतोच.

सीमाभागातील मराठी कुटुंबांची गोष्ट निराळी आहे. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या कर्नाटकातील ८६५ गावांमधील मराठी भाषक उमेदवारांसाठी महाराष्ट्र शासनाने काही जागा राखून ठेवल्या आहेत. उलटपक्षी, महाराष्ट्रातील अक्कलकोट, जत अशा सीमेवरील कन्नड भाषकांसाठी कर्नाटकाने आपल्या नियमांत स्थान ठेवले आहे, आणि त्यासाठी कन्नडची चाचणीही घेतली जाते. बीदर, कलबुर्गी या भागांतील कुटुंबांना संविधानाच्या अनुच्छेद ३७१ (ञ) नुसार स्थानिक म्हणून सवलत मिळू शकते. बन्नूर मात्र या सीमेपासून शेकडो किलोमीटर दूर, राज्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. तेथील मराठी घराला यांपैकी कशाचाच आधार नाही. त्याला एक राज्य वेळेवर निवडावे लागते.

ही राज्याराज्यांची कुंपणे कोणा अधिकाऱ्याच्या लहरीतून उभी राहिलेली नाहीत. त्यांच्यामागे मोठा न्यायालयीन इतिहास आहे, आणि त्यातील एक महत्त्वाचे प्रकरण खुद्द म्हैसूर राज्यातलेच. १९६२ च्या जुलैमध्ये त्या वेळच्या म्हैसूर सरकारने वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांतील ६८ टक्के जागा राखीव ठेवणारा आदेश काढला. बालाजी विरुद्ध म्हैसूर राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी रद्द केला आणि असे आरक्षण सामान्यतः निम्म्याच्या आत असावे, असे म्हटले. देशभर आज ज्या ५० टक्क्यांच्या मर्यादेची चर्चा चालते तिचे मूळ या डॉक्टरकीच्या जागांत आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पुढे १९८४ मध्ये डॉ. प्रदीप जैन यांच्या खटल्यात, जन्माने वा वास्तव्याने एका राज्याचा नसलेल्या विद्यार्थ्यालाही काही जागा खुल्या असाव्यात, असा निर्णय झाला. १९८६ मध्ये ते प्रमाण सरकारी महाविद्यालयांतील एकूण जागांच्या १५ टक्के असे ठरले. हाच अखिल भारतीय कोटा. उरलेल्या ८५ टक्के जागा राज्याच्या. आपल्या बन्नूरच्या मुलीपुढे सरकारी महाविद्यालयांत राहिल्या त्या या १५ टक्क्यांतल्या आणि एम्ससारख्या केंद्रीय संस्थांतल्या. ८५ चा दरवाजा तिच्यासाठी दोन्हीकडून लागला.

या आकड्यांचे वजन कळण्यासाठी परीक्षेचे आकडे पाहावेत. २०२५ मध्ये सुमारे २२ लाख विद्यार्थ्यांनी नीट ही परीक्षा दिली आणि १२ लाखांहून अधिक पात्र ठरले. एमबीबीएसच्या देशातील सर्व जागा मिळून सव्वा लाखाच्या आतबाहेर, आणि त्यांतील जवळपास निम्म्याच सरकारी. त्या वर्षी खुल्या वर्गासाठी पात्रतेची रेषा ७२० पैकी १४४ गुणांवर होती. मुलगा पात्र झाला म्हणून पेढे वाटणाऱ्या घरांना पुढे जो धक्का बसतो त्याचे कारण या दोन आकड्यांमधील अंतरात आहे. पात्र होणे म्हणजे रांगेत उभे राहण्याची परवानगी मिळणे. जागा मिळणे ही फार पुढची गोष्ट.

दुसरा एक समज दूर करणे अगत्याचे आहे. नीटचा अर्ज भरला म्हणजे महाविद्यालयाचा अर्ज भरला, असे अनेक जण धरून चालतात. तसे नाही. नीट ही केवळ परीक्षा होय. तिच्या निकालानंतर अखिल भारतीय कोट्यासाठी दिल्लीच्या वैद्यकीय समुपदेशन समितीकडे, कर्नाटकाच्या जागांसाठी कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाकडे आणि महाराष्ट्राच्या जागांसाठी तेथील सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते. प्रत्येकीचे शुल्क वेगळे, तारखा वेगळ्या. गंमत अशी, की म्हैसूरचे जे. एस. एस. महाविद्यालय अभिमत विद्यापीठाचा भाग असल्यामुळे त्याच्या जागा दिल्लीच्या समितीमार्फत भरल्या जातात. घराजवळच्या महाविद्यालयाचा रस्ता असा दिल्लीवरून जातो. खासगी महाविद्यालयांतील काही जागा परराज्यातील उमेदवारांसही खुल्या असतात, महाराष्ट्रात तशा कर्नाटकातही. परंतु तेथील शुल्क ऐकल्यावर बहुतेक मध्यम स्थितीच्या गृहस्थास खुर्चीचा आधार घ्यावा लागतो.

अर्जाच्या संदर्भात आपल्याकडचे एक जुने उदाहरण येथे आठवते. आनंदीबाई जोशी १८८३ च्या जूनमध्ये अमेरिकेस पोहोचल्या तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा होते. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी जो अर्ज केला तो म्हणजे एक पत्र होते. आपली पूर्वतयारी कदाचित सर्व अटींना पुरी पडणार नाही, हे त्यांनी त्यात लपवले नाही. आपल्या देशातील स्त्रियांना स्त्री डॉक्टरची किती निकड आहे आणि किती विरोध सोसून आपण आलो आहोत, हे सांगून आपला विचार अपवाद म्हणून व्हावा, अशी विनंती केली. महाविद्यालयाने त्यांना घेतले, आणि ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या. त्या पत्राला वाचणारे माणूस होते. आजच्या अर्जाला वाचणारे माणूस नाही. त्यात रकाने आहेत, आणि रकान्याला अपवाद समजत नाही. आजीच्या आजारपणामुळे मुलीला एक वर्ष उशिरा आणले, असे लिहिण्याची सोय तेथे कोठेही नाही. लाखो उमेदवारांना समान न्याय देण्यासाठी ही व्यवस्था आवश्यक आहे, हे मान्य केलेच पाहिजे. १९६४ मध्ये म्हैसूर राज्यातच मुलाखतीचे गुण मिळवून निवड करण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती, आणि तिथे ती टिकली तरी मुलाखतीत वशिला शिरतो ही तक्रार काही मिटली नाही. परंतु माणूस दूर झाल्याने कागदावर पडलेला भार फार वाढला आहे.

हा भार कसा वाहावा? प्रथम नावाचा विचार करू. मराठी रीतीने स्वतःचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असे तीन शब्द होतात. कर्नाटकातील शाळेत तेच नाव पुष्कळदा आद्याक्षरांसह नोंदले जाते आणि आडनाव एका अक्षरापुरते उरते. गावाकडच्या जातीच्या दाखल्यावर आडनाव पूर्ण, दहावीच्या गुणपत्रिकेवर एक अक्षर, आधारपत्रिकेवर तिसराच क्रम, अशी अवस्था झाली की पडताळणीच्या मेजावर खोळंबा ठरलेला. दहावीच्या गुणपत्रिकेवरील नाव हेच पुढे प्रमाण मानले जाते. म्हणून दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वी, म्हणजे नववीतच, शाळेच्या नोंदवहीतील नाव, जन्मतारीख व आईवडिलांची नावे तपासून घ्यावीत. त्या वेळी मुख्याध्यापकांच्या सहीने होणारी दुरुस्ती पुढे मंडळाच्या कचेरीत अनेक खेपा घालावयास लावते.

त्यानंतर शिक्षणाचे दाखले. सात वर्षे शिकल्याचे प्रमाणपत्र प्रत्येक शाळेकडून घ्यावे लागते व त्यावर गटशिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते. बन्नूर हे होबळीचे ठिकाण असले तरी तालुका तिरुमकूडलू नरसीपूर हा आहे. म्हणजे सहीसाठी तेथे जावयाचे. जात व उत्पन्नाचे दाखले नाडकचेरीत अर्ज करून तहसीलदारांकडून मिळतात व त्यांवर जो क्रमांक असतो तो प्रवेशाच्या अर्जात तंतोतंत उतरावा लागतो. पहिली ते दहावी ही दहा वर्षे ग्रामीण भागात शिकलेल्यांसाठी कर्नाटकात वेगळे आरक्षण आहे, आणि कन्नड माध्यमातून शिकलेल्यांसाठीही. यात बारकावा असा, की नगरसंस्थेच्या हद्दीतील शाळा ग्रामीण धरली जात नाही. बन्नूर गावातील शाळा आणि दोन कोसांवरच्या खेड्यातील शाळा यांत मुलाला फरक वाटणार नाही, नियमाला वाटतो. आपली शाळा कोणत्या बाजूला पडते ते गटशिक्षण कार्यालयात विचारून घ्यावे, अंदाज करू नये. मराठी घरातील मूल कन्नड माध्यमात शिकले असेल, आणि तसे पुष्कळ असतात, तर या सवलतीवर त्याचाही तितकाच अधिकार आहे. पालक ती मागतच नाहीत, कारण ती कन्नड भाषकांसाठीच असावी, असे त्यांना वाटते.

जातीच्या दाखल्याच्या बाबतीत स्थलांतरितांची सर्वाधिक निराशा होते. आंध्र प्रदेशातून वडिलांच्या नोकरीमुळे मुंबईस आलेल्या अनुसूचित जमातीच्या एका विद्यार्थ्यास मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत राखीव जागेचा लाभ नाकारण्यात आला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९९० मध्ये असा निर्णय लागला, की अनुसूचित जातिजमातींची यादी ज्या त्या राज्यापुरती असते. एका राज्यात मिळालेला दर्जा दुसऱ्या राज्यात आपोआप बरोबर जात नाही. इतर मागासवर्गांच्या याद्याही राज्यांच्या वेगळ्या व केंद्राची वेगळी आहे. मराठा समाज कर्नाटकात ‘३ ब’ या प्रवर्गात आहे. महाराष्ट्रात २०२४ च्या कायद्याने त्यास सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास म्हणून १० टक्के आरक्षण देण्यात आले. आणि अखिल भारतीय कोट्यात महाराष्ट्राचा तो प्रवर्ग चालत नाही. एकाच घरातील दोन सख्ख्या चुलत भावंडांचे रकाने असे भिन्न होऊ शकतात. यावर घरात वाद घालण्यापेक्षा ज्या कोट्यासाठी अर्ज करावयाचा त्याची यादी उघडून पाहिलेली बरी. केंद्राच्या नमुन्यातील नॉन क्रीमीलेअरचा दाखला चालू आर्थिक वर्षाचा लागतो; महाराष्ट्रात जातवैधता प्रमाणपत्रही लागते, आणि ते मिळण्यास महिनोन्‌महिने जातात. बारावीच्या वर्षी त्यासाठी धावाधाव करणे मुलाच्या अभ्यासाला बाधक असते. ते अकरावीतच आटोपावे.

प्रत्यक्ष अर्ज भरताना दूरध्वनी क्रमांक व ईमेलचा पत्ता घरातल्याच माणसाचा द्यावा. गावातील संगणक केंद्राच्या चालकाने सोयीसाठी स्वतःचा क्रमांक घातला आणि पुढे महत्त्वाचे निरोप त्याच्याकडेच पडून राहिले, असे घडू शकते. पैसे भरण्याचे खातेही आपलेच असावे, कारण अनामत परत येते ती ज्या खात्यातून गेली त्यातच. अलीकडच्या वर्षांत अखिल भारतीय कोट्यासाठी खुल्या वर्गास दहा हजार रुपये, राखीव वर्गांस पाच हजार आणि अभिमत विद्यापीठांसाठी दोन लाख रुपये अनामत ठेवावी लागली आहे. ऐन हंगामात ही रक्कम उभी करणे सर्वांना जमत नाही. तेव्हा अभिमत विद्यापीठांचे शुल्क आपल्या आवाक्यात आहे किंवा नाही हे आधीच ठरवून, नसल्यास त्या वाटेलाच जाऊ नये. परीक्षेच्या भाषेविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. नीटची प्रश्नपत्रिका मराठीत मिळते, पण केवळ महाराष्ट्रातील केंद्रांवर. कन्नडची कर्नाटकातील केंद्रांवर मिळते. बन्नूरला राहून मराठीत परीक्षा द्यावयाची असेल तर कोल्हापूर किंवा सोलापूरसारखे केंद्र मागावे लागेल.

महाविद्यालयांचा पसंतीक्रम लिहिणे हे या साऱ्यातील सर्वात नाजूक काम. येथे पालक चतुराई करू पाहतात: गेल्या वर्षी अमुक ठिकाणी तमुक गुणांवर प्रवेश थांबला, मग वरची नावे लिहून उपयोग काय? हा तर्क चुकीचा आहे. यंत्र गुणानुक्रमे एकेका उमेदवाराची यादी वरून खाली पाहते व शिल्लक असलेली पहिली जागा देते. वरती मोठे नाव लिहिल्याने खालची जागा हुकत नाही. म्हणून मनातील खरा क्रम लिहावा आणि यादी लांब ठेवावी. खाली लिहिलेले प्रत्येक महाविद्यालय मात्र असे असावे, की जागा मिळाल्यास मुलगी खरोखर तेथे जाईल. कर्नाटकात जागा मिळाल्यावर पुढे काय करावयाचे याचे पर्याय देण्याची रीत आहे: ती स्वीकारून थांबणे, ती हाती ठेवून वरच्या पसंतीसाठी पुढील फेरीत जाणे, ती सोडून पुढील फेरीत जाणे, किंवा प्रक्रियेतून बाहेर पडणे. दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्यायांतील भेद एका शब्दाचा दिसतो, परिणाम वर्षभराचा असतो. रात्री जागून, मुदत संपण्यास दहा मिनिटे उरली असता हा निर्णय घेऊ नये.

मध्यस्थांविषयी फार लिहावेसे वाटत नाही. देणगी घेऊन प्रवेश देण्यास कर्नाटकात १९८४ च्या व महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे, आणि नीटच्या गुणक्रमाबाहेर एमबीबीएसची कायदेशीर जागा देशात कोणाच्या खिशात नाही. तरीही दर उन्हाळ्यात ‘व्यवस्थापनाशी आपली ओळख आहे’ असे सांगणारे गृहस्थ भेटतात. त्यांना चहा द्यावा, गुणपत्रिकेची प्रत देऊ नये.

या सर्व खटपटीत मुलीचा विचार शेवटी येता कामा नये. नीटला १८० प्रश्न, तीन तास, बरोबर उत्तरास चार गुण आणि चुकल्यास एक वजा. या ताणाखाली दोन वर्षे काढणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या जीवाला दाखल्यांच्या खेपाही घालावयास लावणे अन्यायाचे आहे. कचेऱ्यांचे काम वडिलांनी, आईने अथवा मोठ्या भावाने आपल्याकडे घ्यावे, आणि पसंतीक्रमाचा कागद मात्र मुलीच्या हाती द्यावा. दंतवैद्यक, आयुर्वेद, परिचर्या यांचाही विचार ती करते काय, हे निकालापूर्वी विचारावे. निकालानंतर तोच प्रश्न शिक्षेसारखा ऐकू येतो. आयुर्वेदाचा प्रवेशही नीटच्याच गुणांवर होतो. बन्नूरच्या मुलीला म्हैसूरच्या त्या जुन्या आयुर्वेद महाविद्यालयात जावेसे वाटले तर ते तिचे अपयश समजण्याचे कारण नाही.

एक व्यवहाराची बाब राहिली. जागा स्वीकारली की मूळ कागद, म्हणजे गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचे व अधिवासाचे दाखले, महाविद्यालयात जमा होतात, आणि दुसऱ्या कोट्याच्या पडताळणीत नेमके तेच मागितले जातात. २०२४ मध्ये नीटच्या निकालावरील वादामुळे समुपदेशन ऑगस्टपर्यंत लांबले. अशा वर्षी तारखांची गर्दी आणखीच होते.  तेव्हा मूळ कागद हातचे जाण्यापूर्वी प्रत्येकाच्या चार साक्षांकित प्रती काढाव्यात, संगणकावर उतरवून ठेवाव्यात, आणि जमा केल्याची महाविद्यालयाची शिक्क्यानिशी पोच घ्यावी. बन्नूरहून नरसीपूरला सहीसाठी केलेल्या खेपांचे फळ त्या पोचेच्या एका कागदावर असते. ती घरी पोहोचेपर्यंत बसमध्ये पिशवी फळीवर ठेवू नये, मांडीवर धरावी.